ऑनलाइन गेमचा सर्व्हर बंद होतोय: पैसे परत मिळतील का, आणि गेम वाचवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षांपूर्वी एक ऑनलाइन रेसिंग गेम घेतलात, नंतर गेममधल्या गाड्यांवर आणि सीझन पासवर (ठरावीक काळासाठीचं जादा शुल्क) मूळ किमतीपेक्षा जास्त खर्च केलात. आता कंपनीने सर्व्हर बंद करायची तारीख जाहीर केली आहे. पैसे परत मिळतील का? ‘आम्ही केव्हाही सेवा थांबवू शकतो’ असं अटींमध्ये लिहिलंय, म्हणजे विषय तिथेच संपला का? आणि काही खेळाडू मिळून स्वतःचा सर्व्हर उभा करतायत, त्यात सामील झालात तर गुन्हा होईल का?

मी ग्राहक आयोगापुढे तक्रारी चालवतो. त्यात बिल्डर आणि विमा कंपन्याच जास्त, पण अलीकडे डिजिटल खरेदीचं गाऱ्हाणं घेऊन येणारी तरुण मंडळी वाढली आहेत. त्यांना मी आधी एक मागणी सोडून द्यायला सांगतो: ‘सर्व्हर कायम चालू ठेवा.’ ती कुठलाही आयोग मान्य करणार नाही, आणि माझ्या मते करूही नये. खेळणारे मोजके उरले तरी भाड्याचे सर्व्हर, सुरक्षेचे अपडेट आणि चीटिंगवर नजर ठेवणारी माणसं अनंतकाळ पोसा, असं कुणालाच सांगता येत नाही. लढण्यासारखे मुद्दे दोनच आहेत. विकताना तुम्हाला काय सांगितलं होतं? आणि सर्व्हर गेल्यावरही जे चालू शकलं असतं, ते कंपनीने विनाकारण बंद पाडलं का?

दुसरा मुद्दा नीट कळायचा तर ‘द क्रू’चं प्रकरण बघा. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा (पुण्यात आणि मुंबईत तिचे स्टुडिओ आहेत) हा रेसिंग गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. आकाराने आटवलेला का होईना, अमेरिकेचा या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतचा नकाशा त्यात होता आणि एकट्याने खेळण्यासारखंही भरपूर होतं. पण एकटे खेळत असलात तरी गेम सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला लागायचा. डिसेंबर २०२३ मध्ये तो विक्रीतून काढला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि पुढे खेळाडूंच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला जाऊ लागला. नुकतीच खरेदी केलेल्यांना पैसे परत मिळू शकत होते, जुन्यांना नाही. दुकानातून डिस्क आणलेल्यांचीही तीच गत झाली. कॅलिफोर्नियात काही खेळाडू न्यायालयात गेले, तेव्हा कंपनीची भूमिका अशी होती की ग्राहकांना मालकी कधी विकलीच नव्हती, मर्यादित परवाना दिला होता.

याच प्रकरणातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिची मागणी नीट वाचली तर ती मोजकी आहे: कंपनीने पाठिंबा थांबवावा, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जावं. युरोपीय संघात नागरिकांच्या अधिकृत पुढाकारासाठी १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५ अखेर मुदत संपली तेव्हा या मागणीवर १४ लाखांहून जास्त सह्या होत्या. ब्रिटनमध्ये याचिकेने १ लाखाचा टप्पा ओलांडल्यावर ३ नोव्हेंबर २०२५ ला संसदेत चर्चा झाली, पण तिथल्या सरकारने कायदा बदलायचा विचार नसल्याचंच सांगितलं.

गेम कंपन्यांच्या युरोपातल्या संघटनेचं म्हणणं असं की खाजगी सर्व्हरवर खेळाडूंची माहिती सुरक्षित राहत नाही, तिथल्या बेकायदा मजकुरावर लक्ष ठेवता येत नाही आणि ठपका मात्र मूळ कंपनीवर येऊ शकतो. शिवाय अशी सक्ती आली तर केवळ ऑनलाइन चालणारे गेम बनवणं फार महाग होईल. मला यातलं अर्धं पटतं. आधीच बनलेल्या गेमच्या सर्व्हरमध्ये दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेला कोड असतो, तो सहज वाटून टाकता येत नाही. लॉगिन, खेळाडूंच्या आपसांत जोड्या लावणं, खेळाडूची प्रगती साठवणं हे सगळं वेगवेगळ्या यंत्रणांवर पसरलेलं असतं. दहा वर्षांनी ते सोडवायला बसायचं म्हणजे मूळ टीममधली माणसंही कंपनीत उरलेली नसतात. पण नवा गेम आखतानाच शेवटाची सोय विचारात घेतली तर हा खर्च बराच कमी होतो. ‘द क्रू’वरून एवढा गदारोळ झाल्यावर त्याच कंपनीने ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळायची सोय जाहीर केली आणि २०२५ मध्ये दिलीसुद्धा. ‘नॉकआउट सिटी’ बनवणाऱ्या स्टुडिओने जून २०२३ मध्ये अधिकृत सर्व्हर बंद करताना, खेळाडूंना आपापला सर्व्हर चालवता येईल अशी विंडोज आवृत्ती फुकट दिली. ‘अशक्य आहे’ हे उत्तर मी आता सरसकट मान्य करत नाही. कोणता भाग अशक्य आणि का, हे विचारतो.

एक फरक इथेच लक्षात घ्या, कारण येणाऱ्यांपैकी बरेच जण तिथे गोंधळतात. गेम विक्रीतून काढणं म्हणजे गेम बंद करणं नव्हे. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये दुकानांतून गेला. गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली की असं होतं. पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांना तो खेळता येत राहिला. अशा वेळी तक्रारीला जागा नसते. तुमच्या कंपनीची घोषणा पुन्हा एकदा वाचा: नेमकं काय बंद होतंय? विक्री, मल्टिप्लेअर, की अख्खा गेम?

आता पैशांकडे येऊ. तुम्ही ‘एकूण इतके हजार घातले’ असं लिहिलंय, पण ती रक्कम एक नाही. मूळ गेमची किंमत, गेममधलं चलन आणि वस्तू, आणि महिन्याचं किंवा सीझनचं शुल्क, असे तिचे तीन हिस्से पाडा. सीझनचं शुल्क, तो सीझन पूर्ण मिळाला असेल, तर विसरा. जेवढ्या काळाचे पैसे दिले तेवढी सेवा मिळाली. गुगलने स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली तेव्हाही साधारण हाच हिशेब लावला होता: घेतलेल्या गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत, मासिक वर्गणीचे नाहीत. गेममधलं न वापरलेलं चलन ही तुमची सर्वांत भक्कम बाजू, कारण त्याचा मोबदला अजून मिळालेलाच नाही. विकत घेतलेल्या गाड्या मधल्या पट्ट्यात येतात. आणि मूळ किंमत? तिथे सगळं परिस्थितीवर आहे. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला आणि सगळ्यांना पूर्ण पैसे मिळाले. दोन आठवड्यांत बंद पडलेल्या मालाबद्दल वाद घालायला कुणी उरत नाही. चार वर्षांनंतर तीच मागणी केलीत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तुमच्या खात्यावरचे खेळलेले तास काढून दाखवेल. म्हणून अशा प्रकरणात मी पूर्ण परतावा मागतच नाही. एकट्याने खेळायचा भाग विनाकारण बंद केल्याबद्दल किमतीचा वाजवी हिस्सा आणि उरलेल्या चलनाचे पूर्ण पैसे मागतो. मागणी आटोपशीर असली की आयोगही ती गांभीर्याने ऐकतो.

आणखी एक तारीख शोधा: बंदची घोषणा होण्याआधी शेवटच्या काही महिन्यांत कंपनीने काय काय विकलं? सर्व्हर बंद करायचं आतून ठरलेलं असताना सवलतीत वर्षभराचा पास विकला असेल, तर माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट ती आहे. ग्राहकापासून महत्त्वाची माहिती दडवून विक्री करणं ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं मांडता येतं.

अटींमधल्या त्या वाक्याला लोक नको इतके घाबरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे, आणि एका पक्षाला वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवू देणारी अट तिच्यात स्पष्ट नमूद आहे. मात्र यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, ‘वाजवी कारण’ म्हणजे काय? खेळणारेच उरले नाहीत हे वाजवी कारण होऊ शकतं. त्याच गेमचा पुढचा भाग खपवायचा आहे हे होऊ नये, असं माझं मत. दुसरा खाचखळगा कामकाजाचा आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. दोन-तीन हजारांसाठी मुंबईच्या खेपा कोण करणार? त्यामुळे मी तक्रार सहसा ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन पायांवर उभी करतो आणि जिल्ह्यातच ठेवतो.

अटींमध्ये परदेशातल्या लवादाकडे जायचं लिहिलं असेल तर तेही शेवटचं नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तुमच्या बाबतीत ती सर्व्हर बंद झाल्याच्या दिवसापासून मोजावी असं मी म्हणेन, पण समोरचा घोषणेच्या तारखेवर बोट ठेवेल. तेव्हा घोषणेपासून मोजा आणि निश्चिंत राहा.

एवढं सगळं तुमच्या बाजूने असलं तरी अडचण वसुलीची आहे. बिलावर कुणाचं नाव आहे ते बघा. विकणारी कंपनी परदेशी आणि भारतात तिची मालमत्ता काहीच नाही, अशा स्थितीत आदेश मिळवणं सोपं, पैसे मिळवणं अवघड. भारतातल्या ग्राहकांना सातत्याने माल किंवा सेवा विकणाऱ्या परदेशी दुकानांनाही २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं ते सांगतात. म्हणून सुरुवात तिथे करा: आधी दुकानाला आणि प्रकाशकाला लेखी तक्रार, मग १९१५ वरची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर आयोग. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांचं काम झालं, त्यांच्यातल्या बहुतेकांचं पहिल्या दोन पायऱ्यांवरच झालं, तेही चलनाच्या परताव्यापुरतं. एकाच गेमचे पाचपन्नास खेळाडू असाल तर कलम ३५(१)(ग) मध्ये सगळ्यांच्या वतीने एकाने तक्रार करायची तरतूद आहे, त्यासाठी आयोगाची परवानगी घ्यावी लागते. रक्कम छोटी आणि माणसं पुष्कळ, अशा प्रकरणाला हा मार्ग शोभतो.

वडिलांच्या यूपीआयवरून पैसे गेलेत म्हणून बरेच जण कचरतात. त्याने बिघडत नाही. पैसे देणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो. उलट, फुकट डाउनलोड केलेल्या गेममध्ये एक रुपयाही खर्च केला नसेल तर ग्राहक म्हणून उभं राहता येत नाही, कारण विनामूल्य सेवा कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे. सरकारी आदेशाने बंद झालेल्या गेमचीही गोष्ट निराळी. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर थांबले, तेव्हा कित्येकांचे विकत घेतलेले स्किन (पात्रांचे आणि शस्त्रांचे सजावटी पेहराव) गेले. तिथे कंपनीला ‘का बंद केलंत’ असं विचारून उपयोग नव्हता. (२०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली तेव्हा जुन्या खात्यातली माहिती हलवायची सोय मिळाली, हा धंद्याचा निर्णय होता, हक्क नव्हे.) पैसे लावून खेळायचे जे गेम २०२५ च्या कायद्याने बंद झाले, त्यातल्या वॉलेटमधल्या रकमेचे प्रश्नही वेगळे, ते इथे मिसळू नका.

आता खेळाडूंच्या सर्व्हरबद्दल. अमेरिकेत ब्लिझर्ड या कंपनीच्या गेमसाठी ‘बीनेटडी’ नावाचा पर्यायी सर्व्हर लिहिणारे प्रोग्रामर त्या कंपनीविरुद्ध २००५ मध्ये अपिलातही हरले, त्यामुळे तिकडची मंडळी सावध असतात. आपल्या कायद्याचे शब्द जरा वेगळे आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास करायची मुभा आहे. स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जोडण्यासाठी आवश्यक माहिती मिळवायचीही आहे, ती माहिती सहज उपलब्ध नसेल तर. तांत्रिक कुलूप (प्रोग्रामचा परवानगीशिवाय वापर रोखणारी सोय) तोडणं कलम ६५अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तरच. त्याच कलमात एक विचित्र अट आहे: वैध कारणासाठी दुसऱ्याला कुलूप उघडायला जो मदत करतो, त्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, कारण यांची नोंद ठेवायची. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर टोपणनावाने वावरणारी मंडळी ती कशी ठेवणार, हे कायदा लिहिणाऱ्यांनाच माहीत.

या तरतुदींवरून मी काढलेली रेषा अशी. स्वतः लिहिलेला सर्व्हर, स्वतःच्या विकत घेतलेल्या प्रतीवर, पैसे न घेता, अधिकृत सर्व्हर बंद झाल्यानंतर: इथे बचाव करता येतो. फुटलेला मूळ कोड वापरणं, गेमच्या फाइली वाटणं, देणगीच्या नावाखाली गाड्या विकणं, कंपनीचं बोधचिन्ह लावणं: यातलं एकही केलंत तर मी वकीलपत्र घेईन, पण आशा दाखवणार नाही. आणि आधी कंपनीला विचारून बघा. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा ऑनलाइन गेम २०१२ मध्ये बंद झाला. त्याचा ‘होमकमिंग’ नावाचा सर्व्हर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्ट या मूळ कंपनीने रीतसर परवाना दिला. पैसे न कमावता काम करत राहिलेल्यांना तो मिळाला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

जतनाच्या बाबतीत मात्र कायदा फारच तोकडा आहे. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठरलेल्या ग्रंथालयांत द्यावी लागते. गेमसाठी तसं बंधन नाही, आणि असतं तरी ज्याचा निम्मा जीव सर्व्हरवर आहे त्याची प्रत कपाटात ठेवून काय होणार? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नसल्याचं आढळलं. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ग्रंथालयांना जुने गेम दूरच्या संशोधकांना ऑनलाइन उघडून द्यायची परवानगी नाकारली. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून दुकानांना ‘हा फक्त परवाना आहे’ असं स्पष्ट सांगायला भाग पाडलं, ते चांगलं झालं. पण पाटी लावल्याने गेम वाचत नाही. माझ्या मते आपल्याकडे कायदा हवा तो असा: विक्रीच्या वेळीच, हा गेम किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल आणि त्यानंतर त्यातलं काय उरेल, हे छापणं सक्तीचं. तारीख छापायची म्हटली की ती आखणीच्या टेबलावर आधी ठरवावी लागेल.

तुमच्या हातात बंदच्या तारखेपर्यंतचे दिवस आहेत, ते वाया घालवू नका. बिलं, दुकानाचं पान, खोक्यावरचा मजकूर, गेममधली शिल्लक आणि बंदची घोषणा, सगळ्याचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. खरेदीच्या वेळच्या अटी आणि आजच्या अटी, दोन्ही मिळाल्या तर उत्तम. जुन्या बहुधा इंटरनेट आर्काइव्हवर सापडतील. शिल्लक चलन घाईने उडवू नका, आधी लेखी परतावा मागा. नकार आला तर तोही जपा, आणि मग शेवटच्या आठवड्यात हवं ते करा. सर्व्हर उभारणाऱ्या मंडळींना मदत करायची असेल तर तुमच्याच खात्यावरून खेळताना गेम आणि सर्व्हर यांच्यातलं दळणवळण नोंदवून ठेवा. ती नोंद जिवंत सर्व्हरकडूनच मिळते, सर्व्हर बंद झाल्यानंतर कुणालाच मिळणार नाही. तक्रारीचा मसुदा तयार झाला की रकमेचे ते तीन हिस्से वेगवेगळे लिहून इथे टाका, बघून सांगतो.